बसून पाहिलेली गाडी

आमच्या आत्याबाई कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर कोणाला तरी बसवून पाहात. खाट असो, खुर्ची असो, विहिरीचा नवा कठडा असो, दुकानदाराने किंवा गवंड्याने कितीही शपथा घेतल्या तरी त्यांचा विश्वास फक्त बसणाऱ्या माणसावर. "बोलणं हवेत जाते," त्या म्हणत. "बसलेलं खाली दिसते." स्वतःच्या बसण्यावर मात्र त्यांचा भरवसा नव्हता, कारण त्या अंगाने वाळक्या होत्या. त्यामुळे लग्नकार्यात गेल्या की त्यांची नजर आधी भरल्या अंगाच्या बायकांवर जाई. लोकांना वाटे आत्याबाई कौतुकाने पाहतात. तसं कौतुकच होतं ते, पण कामाचं.

त्या माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. गावातच दिलेल्या, त्यामुळे त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या घरांमध्ये एक बोळ आणि एक कडुनिंब एवढंच अंतर. मला पाहायला मंडळी आली तेव्हा कोणी मला स्वयंपाकाचं विचारलं, कोणी चालून दाखवायला सांगितलं. आत्याबाईंनी मला अंगणात नेलं आणि त्यांच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागच्या टोकावर बसवलं. बंडीत मागे वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला आवळतं. आमच्याकडे त्याला बंडी उलाळ झाली म्हणतात. मी बसले. जू जागचं हललं नाही. आत्याबाई माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "हलकी हाय. बैलायले तरास नाही. करा पक्कं." बाकीच्यांनी माझ्यात काय पाहिलं ते मला अजून कळलेलं नाही, पण माझं लग्न बैलांच्या पसंतीने झालं असं मी धरून चालते.

आत्याबाईंना एकच मुलगा, दिलीपभाऊजी. ते पुण्याला कारखान्यात नोकरीला लागले आणि तिकडेच घर घेतलं. आत्याबाई एकदा तिकडे राहून आल्या. परत आल्यावर आम्ही बायका पुणं कसं आहे ते ऐकायला जमलो, तर त्यांनी पुण्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त सोफ्याबद्दल सांगितलं. त्या बसल्या की सोफा खाली जाई आणि उठायला सुनेचा हात धरावा लागे. "हे बसणं नाही बाई, हे गिळणं हाय," त्या म्हणाल्या. सून चांगली होती, पाणी हातात आणून देई. आत्याबाईंना तेच खटके. स्वतःच्या घरात त्या पहाटे उठून शेण काढत, दूध काढत, दोन माणसांना बोलत आणि तिसऱ्याला ऐकवत. तिथे बोलायला एक लिफ्ट होती, तीही स्वतःच बोले.

त्यांचे मालक गेले ते नेमके त्या वर्षांत, ज्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या भागाचं नाव रोज पेपरात येई. मालक दुपारी जेवले, आडवे झाले आणि उठले नाहीत. पण बाहेरची माणसं गावात येत ती आधीच ठरवून येत. असेच एक पेपरवाले कॅमेरा घेऊन आत्याबाईंच्या दारात आले. मालक कशाने गेले म्हणून विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, झोपेत गेले. त्या माणसाचा चेहरा पडला. मग त्याने त्यांना उंबऱ्यात मान खाली घालून बसायला सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, माझी मान दुखते, तुम्हीच बसा. आणि त्याला नव्या बाजेवर बसवून तिची वीण पाहून घेतली. तो चांगला जाडजूड होता. त्याला चहा मिळाला, आत्याबाईंना बाजेची खात्री मिळाली, फोटो कोणालाच मिळाला नाही.

मालकांच्या मागे राहिली ती डाळ मिल. लहानशी, डिझेल इंजिनावर चालणारी, घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये. पूर्वी आजूबाजूच्या गावांतले लोक बंड्या भरभरून तुरी आणत, वर्षाची डाळ करून नेत आणि मजुरी डाळीतच देत. खाली पडलेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आत्याबाईंच्या गायीला. मग गावोगावचे बैल विकले गेले. बैल नाहीत म्हणून बंड्या नाहीत, बंड्या नाहीत म्हणून तूर येईना. लोक तूर तशीच बाजारात टाकून येत आणि पुढे तीच डाळ होऊन दुकानातून पुडीत घरी येई. मिल नुसती उभी राहिली. आत्याबाई रोज तिच्यावरची धूळ पुसत, जसं काही ती पाहुण्यांना दाखवायची आहे.

दिलीपभाऊजी वर्षश्राद्धाला आले तेव्हा त्यांनी सरळ विषय काढला. एकटीने राहायचं वय नाही, मिल बंद, गोठ्यात एक गाय, काय राहिलंय इथे. आत्याबाईंनी सांगितलं की मिल चालेल. भाऊजी म्हणाले, ठीक आहे, येणाऱ्या तुरीच्या हंगामात चालली तर राहा. नाही चालली तर अक्षय तृतीयेला मी न्यायला येईन आणि मग नाही म्हणायचं नाही. चार माणसांसमोर ठरलं. आत्याबाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांना सोफा दिसायला लागला असावा, कारण आठ दिवसांत त्यांनी सगळं योजून ठेवलं होतं. तूर मिलकडे येत नाही, तर मिल तुरीकडे जाईल.

हिवरखेडला रशीदचाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांच्याकडून आत्याबाईंनी दोन चाकांची ट्रॉली करून घेतली आणि तिच्यावर मिल आणि इंजिन पक्कं बसवून घेतलं. चाचांचं म्हणणं होतं की इंजिन जड आहे, ते चाकांवर राहू द्या. आत्याबाईंना ते पुढे, दांड्याजवळ हवं होतं, म्हणजे ओढणाऱ्याच्या नजरेत राहील. इंजिन चोरीला जातं, मिल कोणी चोरत नाही, असा त्यांचा हिशेब. चाचांनी दोनदा सांगून पाहिलं आणि मग गिऱ्हाईक म्हणेल तसं केलं.

आता ट्रॉली ओढायला गाडी हवी. गावात सगळे म्हणाले ट्रॅक्टर लावा. आत्याबाईंनी ते उडवून लावलं. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, त्याला वेळ होईल तेव्हा तो येणार. शिवाय तेलाचे डबे, चाळण्या, पोती आणि आम्ही माणसं कुठे बसणार? म्हणून पिकअप घ्यायची ठरली. अशी, की मागच्या हौद्यात पोती भरली तरी वरून ट्रॉली ओढेल. चालवायला आमचे हे होतेच, त्यांना गाडीचं लायसन होतं आणि काम नव्हतं. आत्याबाईंनी पाटल्या मोडल्या. कशा मोडल्या, किती पैसे आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्याच दिवसांत अमरावतीला राजापेठेत नात्यातलं लग्न निघालं. गावातून आम्ही सगळ्या बायका जीप करून गेलो. लग्नात आत्याबाईंचं वागणं पाहून सगळ्या चकित झाल्या. त्या पंगतीतून फिरून आग्रह करत होत्या. मोठ्या काकी, आणखी एक जिलेबी. मोठ्या काकी, भात घ्या न थोडा. मोठ्या काकी म्हणजे आमच्या चुलत सासूबाई, गावातलं सगळ्यात भारी माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत आत्याबाईंनी त्यांना असं प्रेमाने कधी वाढलं नव्हतं. जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी जीपवाल्याला गावाकडे न वळता गाड्यांच्या दुकानाकडे घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला. उपाशी माणसाचं वजन खोटं असतं, जेवून उठलेल्याचं खरं, असं त्यांनी आम्हाला वाटेत समजावलं.

दुकान काचेचं होतं. आत गार हवा, गळ्यात पट्टा घातलेले एक साहेब. आम्ही सगळ्या शालू, पैठण्या नेसलेल्या, कोणाच्या केसात गजरा, कोणाच्या हातात लग्नात मिळालेला नारळ. साहेबांना वाटलं वरात रस्ता चुकली. आत्याबाईंनी त्यांना ट्रॉलीचं सगळं सांगितलं आणि विचारलं की कोणती गाडी एवढं वजन घेईल. साहेबांनी मोठी, लांब पिकअप दाखवली. बाजूला एक लहान उभी होती, ती आत्याबाईंच्या मनात भरली होती. लहान गाडी बोळात वळली असती.

"ही किती घेते?" त्यांनी लहान गाडीवर हात ठेवून विचारलं.

साहेबांनी कागद काढून आकडा वाचून दाखवला.

"कागदावर कोन बसून पाह्यलं?"

साहेब हसले. माणूस शहाणा होता, हे आज म्हणायला हवं. त्याने नीट समजावलं की हौद्यातली पोती, समोर बसलेली माणसं आणि ट्रॉलीचा दांडा हुकावर जेवढा दाबतो तेवढा भार, हे सगळं मिळून धरायचं. आणि दांड्याचा भार गाडीच्या अगदी शेपटीवर येतो, म्हणून तो सगळ्यात वाईट. खरं तर या गाडीमागे ट्रॉली लावा असं आम्ही सांगतच नाही, असंही तो म्हणाला.

"मंग हे मागं हूक काहून देल्लं?"

"गाडी बंद पडली तर ओढून न्यायला, मावशी."

"म्हंजे तुमची गाडी बंद पडते."

आत्याबाईंनी मागचा फळका पाडायला लावला आणि आम्हाला म्हणाल्या, "चढा."

रस्त्यावरून टू-व्हीलरवाले जात होते, ट्यूशनला जाणारी पोरंपोरी थांबून पाहात होती. पण आत्याबाई चढा म्हणाल्या की चढायचं असतं. मोठ्या काकींना स्टुलावरून वर घेतलं. त्या सरळ जाऊन समोर, ड्रायव्हरच्या पाठीशी टेकून बसल्या. त्यांच्या बाजूला दुसऱ्या सासवा. मग जावा, जिच्या तिच्या मानाने. आणि सगळ्यात मागे फळक्यावर पाय सोडून आम्ही तिघी सुना. कोणी कोणाला इथे बस, तिथे बस म्हटलं नाही. बंडीत बसतो तशाच आम्ही बसलो. मागे धूळ जास्त आणि धक्के जास्त, म्हणून ती जागा सुनांची.

आत्याबाई नव्या लुगड्यानिशी फरशीवर बसल्या आणि गाडीखाली वाकून स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं. मागच्या चाकाच्या वर हाताचा पंजा घालून किती जागा उरली ते पाहिलं. पंजा सहज गेला. गाडी जराशी दबली होती, पण समाधानाने दबली होती. आत्याबाई उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "चालते."

साहेबांनी शेवटचं विचारून पाहिलं. "आणि ट्रॉलीचा भार, मावशी? तो मागे येतो."

"मागं बसल्या न सुना," आत्याबाई म्हणाल्या. "दिसत नाहीत काय तुमाले?"

साहेबांनी आम्हा तिघींकडे पाहिलं. आम्ही तिघी मिळून मोठ्या काकींच्या निम्म्या होत्या की नाही, शंका आहे. त्यांनी मग आम्हा सगळ्यांना थंड पाजलं आणि लहान गाडीची पावती केली.

गाडी गावात आली. आत्याबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि लिंबू बांधलं. तुरी निघाल्या. कॅनॉलच्या पलीकडच्या गावात निरोप गेला की अमुक दिवशी मिल दारात येते, तुरी वाळवून तयार ठेवा. पहाटेच निघालो. हे चालवायला, आत्याबाई त्यांच्या शेजारी, मी मागे हौद्यात तेलाचे डबे धरून. सपाट रस्त्यावर सगळं बरं चाललं. पुढे रस्ता कॅनॉलच्या बांधावर चढतो. चढाला लागलो आणि मला मागे बसल्या बसल्या आभाळ जास्त दिसायला लागलं. गाडीचं नाक वर आलं होतं. हे स्टिअरिंग डावीकडे फिरवत होते आणि गाडी आपल्या मनाने उजवीकडे चालली होती. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती, धरत नव्हती. यांनी ब्रेक दाबला, तेव्हा आम्ही बांधावर आडवे उभे होतो. एका बाजूला कॅनॉलचं पाणी, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी केळी.

तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस होता. जो जाई तो थांबे. एक म्हातारा आत्याबाईंना म्हणाला, "बाई, गाडी घेतली का घोडा? हे त दोन पायावर उभी राह्यते." चौघांनी मिळून ट्रॉली सोडवली, तर दांडा हातातून निसटून असा जमिनीत रुतला की तो परत कोणाला उचलेना. मिल गावात परत आली ती ट्रॅक्टरमागे. ज्या ट्रॅक्टरला आत्याबाईंनी नाही म्हटलं होतं, तोच. आम्ही घरी पोचायच्या आधी ही बातमी पुण्याला पोचली होती. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. ते रागावले नाहीत, हेच वाईट होतं. ते म्हणाले, लागलं तर नाही ना कोणाला, आणि मग म्हणाले, मी सुट्टी टाकतो. आत्याबाईंनी फोन खाली ठेवला आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले, तर त्या शेडमध्ये मिलजवळ उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मले तिकडं गिलास कुठी ठेवते, तेबी मालूम नाही."

दुसऱ्या दिवशी रशीदचाचा बोलावण्याशिवाय आले. त्यांनाही बातमी लागली होती आणि ट्रॉली त्यांच्या हातची होती. त्यांनी आधी चहा घेतला, मग ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, मग गाडीभोवती. मग आत्याबाईंना विचारलं की गाडी कशी पसंत केली. आत्याबाईंनी सांगितलं, बसून पाहिली, भरल्या पोटाच्या बाया बसवून पाहिली.

"कोन कुठं बसलं होतं?"

आत्याबाईंनी सांगितलं. समोर मोठ्या काकी, मग जावा, मागे सुना. चाचा ऐकत होते आणि त्यांची दाढी हलायला लागली. शेवटी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"बाई," ते म्हणाले, "तुमी वजन नाई पायलं. तुमी नातं पायलं."

मोठ्या काकींचं सगळं वजन पुढच्या अंगाला होतं, त्यामुळे गाडीला ते जाणवलंच नाही, असं त्यांनी समजावलं. इकडे ट्रॉलीवर इंजिन दांड्याजवळ, चाकं पार मागे. म्हणजे मोठ्या काकींना फळक्यावर बसवून वरून त्यांच्या मांडीवर दुसऱ्या मोठ्या काकी दिल्या, तेवढा भार शेपटीवर आला. गाडी उलाळ झाली, दुसरं काय. उलाळ हा शब्द ऐकला आणि आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईने बंडी उलाळ होते का हे पाहून सून निवडली, तिने मोटार निवडताना तेच पाहिलं नव्हतं.

"मोटारले बैल नसतात न," त्या म्हणाल्या. "बैल असते त मले दिसलं असतं."

"मैंने बोला था, बाई. इंजिन मागं घ्या म्हनून."

"बोलले असान. पर हळू बोलले."

चाचांनी हे ऐकून घेतलं. गिऱ्हाईकाचं ऐकून काम केलं की पुढे हेही ऐकावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. दुसरी मोठी गाडी घेणं तर शक्यच नव्हतं. पाटल्या एकदाच मोडता येतात. चाचा म्हणाले गाडी वाईट नाही, भार जागेवर आणू. त्यांनी सामान आणून आमच्या अंगणातच काम काढलं. ट्रॉलीची चाकं पुढे सरकवून इंजिनाखाली आणायची आणि दांडा एका माणसाला उचलेल एवढाच जड ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. उचलून पाहायला एखादा गडी बोलवा म्हणाले.

"गडी मी रोज कुठून आनू?" आत्याबाई म्हणाल्या. "हिच्या हातानं पाहा. हे रोज असते."

म्हणून चाचा चाकं सरकवत, वेल्डिंगचे टाके मारत, आणि मी पदर खोचून दांडा उचलत असे. पहिल्यांदा तो हललाच नाही. मग हलला. मग एकदा असा हलका झाला की हातात घेतला आणि वर उडाला. चाचा म्हणाले हेही नको, फार हलका झाला तर ट्रॉली मागे कुत्र्याच्या शेपटीसारखी हलेल. पुन्हा मागे सरकवलं. शेवटी मला दम लागून गुडघ्यापर्यंत उचलता आला, तेव्हा चाचांनी पक्का टाका मारला. गल्लीतल्या बायका बोळातून पाहात होत्या. त्या दिवसापासून मिल कुठेही निघायची असली की आधी मी दांडा उचलायची. उचलला तर निघायचं, नाही उचलला तर ट्रॉलीवरचं सामान मागेपुढे करायचं. हौद्यातल्या पोत्यांनाही आत्याबाईंनी नवी रीत लावली. भारी पोती समोर, ड्रायव्हरच्या पाठीशी. "मोठ्या काकी पह्यले," असं त्या हमालांना म्हणत. मोठ्या काकींना हे कोणीतरी सांगितलं आणि त्या दोन महिने आमच्या घरी आल्या नाहीत.

दिलीपभाऊजी आले ते नवी चाकांची बॅग घेऊन. आईसाठी घेतलेली, अजून प्लास्टिक न काढलेली. त्यांनी ती ओसरीवर ठेवली आणि अक्षय तृतीयेची वाट कशाला पाहायची, असं म्हणाले. आत्याबाईंनी त्यांना जेवू घातलं. सकाळी म्हणाल्या, कॅनॉलच्या पलीकडच्या गावाला आपण शब्द दिला आहे, तो पुरा करून मग मी काय ते सांगते. तूही चल.

त्या दिवशी समोर हे, भाऊजी आणि मध्ये आत्याबाई. मी मागे. बांधाचा चढ आला, तसा मी डबे सोडून फळका धरला. गाडी चढाला लागली. नाक खाली होतं. इंजिन कण्हत होतं, पण चाकं माती धरून होती. वर पोचलो, वळलो, उतरलो. केबिनच्या मागच्या काचेतून मला भाऊजींचं डोकं दिसत होतं. ते वळून आईकडे पाहात होते आणि आत्याबाई सरळ रस्त्याकडे पाहात होत्या.

गावात बायका तुरी घेऊन कडुनिंबाखाली बसलेल्या होत्या. इंजिन सुरू झालं तसे भाऊजी आधी लांब उभे राहिले, मग पोतं धरायला लागले, दुपारी त्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. आत्याबाई ओरडत होत्या. चाळणी तिरपी धर, ते तेल तुह्या सासऱ्याचं हाय काय एवढं सांडून राह्यला. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना मालक गेल्यापासून ऐकलं नव्हतं. भाऊजी आणखी दोन दिवस राहिले, आणखी दोन गावं करून आले.

पुढे एक योजना आली आणि आजूबाजूच्या चार गावांत सरकारी डाळ मिली मिळाल्या. आम्हाला वाटलं आता संपलं. पण त्या विजेवर चालणाऱ्या होत्या आणि वीज त्या वर्षांत पाहुण्यासारखी येई. लोक मिलीच्या भरवशावर तुरी घरी ठेवायला लागले आणि मग आत्याबाईंना निरोप पाठवायला लागले. सरकारने आमचं गिऱ्हाईक वाढवून दिलं. पण ते नंतरचं.

भाऊजी निघाले त्या दिवसाचं सांगायचं आहे. त्यांनी नवी बॅग तशीच डिकीत ठेवली. आत्याबाईंनी डाळीचं एक पोतं दिलं, ते त्या बॅगेच्या बाजूला ठेवलं. भाऊजी आईच्या पाया पडले.

"आई, माझंच चुकत होतं. तुझं तुला जमतं. आता मी तुला चल म्हणून कधी म्हणणार नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "बरं."

गाडी बोळातून वळून गेली. आत्याबाई बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं त्या आनंदात आहेत. जिंकल्या होत्या त्या. मी गायीला पाणी दाखवून परत आले, तरी त्या तिथेच.

"कधीच नाही म्हने," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. आणि मग, "वर्षातून एकदा म्हनला असता त काय झालं असतं? मी काय जानार होती काय?"

भाऊजी शब्दाचे पक्के निघाले, तो गुण आईचाच. दर दिवाळीला येत, मिल पाहात, इंजिनाला तेल घालत, आईशी चार गोष्टी बोलत. निघायच्या वेळी आत्याबाई दारापर्यंत जात आणि भाऊजी गाडीत बसेपर्यंत थांबत. काच खाली करून भाऊजी, तब्येतीला जप म्हणत. आत्याबाई आणखी थोडं थांबत. भाऊजींना वाटे आई निरोप द्यायला थांबली आहे. ते हात हलवत आणि निघून जात. असं पुष्कळ दिवाळ्या चाललं. दोघांपैकी कोणाचंही चुकत नव्हतं.

आत्याबाई गेल्या त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, पहाटे. गायीचं दूध काढून झालं होतं. त्या हंगामात आम्ही मिल सोळा गावांना नेली होती. तेरावं झाल्यावर भाऊजी आमच्या ओसरीवर येऊन बसले. हे बाहेर गेले होते. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले. भाऊजींनी कप उचलला.

"वहिनी, एका गोष्टीचं समाधान आहे," ते म्हणाले. "तिला दिलेला शब्द मी पाळला. एकदाही तिला चल म्हटलं नाही."

"हो," मी म्हणाले. "त्यायच्या ध्यानात होतं ते."